उजवीकडची खिडकी

आमच्या सांता क्लाराच्या घरातलं बेडरूमचं छत मला तोंडपाठ झालं होतं. दिव्याच्या डावीकडे रंगाचा एक ओघळ, कोपऱ्यात एक चीर. दुपारी तीनला पडद्याच्या फटीतून उन्हाची पट्टी यायची आणि सव्वाचारला कपाटामागे जायची. दोन वर्षं मी एवढंच बघत होते. मणक्याची दोन ऑपरेशनं झाली होती. तिसरं नको असं डॉक्टर म्हणाले, आणि मी त्यांच्याही आधी म्हणाले. काठी घेऊन घरात चालायची, उभी राहायची, आडवी पडले की बरी असायची. कूस बदलायला मात्र नवऱ्याचा हात लागायचा. आणि बसणं तर संपलंच होतं. दहा मिनिटं बसले की कमरेत कुणीतरी पाना घालून पिळायला लागायचं. ह्या देशात ज्याला गाडीत बसता येत नाही, तो कुठेच जात नाही.

माझा नवरा चारुदत्त. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते, मनात मात्र चारू. कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहे आणि कुठल्याही दुःखावर आधी कागद-पेन्सिल काढतो. आमची दीपा पंच्याऐंशी साली कॉलेजसाठी ईस्ट कोस्टला गेली, तेव्हापासून दिवसभर घरात मी आणि छत दोघंच. मंडळातल्या बायका भेटायला येत, "होईल गं हळूहळू" म्हणत, आणि निघताना दारात अर्धा तास गप्पा मारत उभ्या राहत. त्यांच्या त्या उभ्या राहण्याचासुद्धा मला राग यायचा. निघायचं तर निघा ना, तुम्हाला जाता येतंय तर!

दुपारी डोळा लागला की मात्र छत हलायचं. माझे वडील एसटीत कंडक्टर होते, चिपळूण-कराड गाडीवर. मे महिन्याच्या सुट्टीत मला बरोबर न्यायचे. खिडकीला नाक लावून मी कुंभार्ली घाट बघायची. झाडं आपल्याकडे येतात, वळतात आणि निघून जातात, आपण नुसतं असायचं. कधी कधी ते मला उचलून घंटीची दोरी ओढू द्यायचे. एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की सुटते. "ओढायची तर नीट ओढ, मृणाल," ते म्हणायचे. "अर्धवट बेल देऊ नये. ड्रायव्हर बिचारा घोटाळ्यात पडतो."

अशाच एका दुपारी चारू लवकर घरी आला होता. मी झोपेत म्हणाले म्हणे, "डबल द्या, डबल द्या." एसटीच्या गोष्टी त्याने माझ्याकडून ऐकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून येताना गाडीच्या मागे जोडायच्या ट्रेलरचे डझनभर ब्रोशर घेऊन आला. आत पलंग, स्वयंपाकाचा ओटा, एवढंसं बाथरूम. अमेरिकन म्हातारे असला डबा गाडीला लावतात आणि देशभर हिंडतात.

"तू आत आडवी पड," तो म्हणाला, "मी ड्राइव्ह करतो. ग्रँड कॅनियन म्हण, यलोस्टोन म्हण."

मी लगेच हो म्हणाले नाही. आशा वाटली की मी आधी भांडण काढते, हा माझा जुना स्वभाव. "आधी खिडकी कुठे आहे ते बघीन," म्हटलं, "मग बोला."

तीन आठवडे त्याचा तक्ता चालला. आमची स्टेशन वॅगन किती ओढू शकते, रिकाम्या ट्रेलरचं वजन किती, पाण्याची टाकी भरली की किती. कुकर, तांदूळ, डाळी, पोळपाट, सगळं त्याने न्हाणीघरातल्या काट्यावर तोलून लिहिलं. रकान्याच्या शेवटी लिहिलं, 'मृणालिनी, ११८ पौंड.' मला त्यात काही वावगं दिसलं नाही. त्यालाही नाही. डब्यात माणसं असणार, तर त्यांचं वजन धरायलाच हवं.

सॅन होजेच्या ट्रेलरच्या दुकानात मी वॅगनच्या मागच्या भागात पाय दुमडून, आडवी होऊन गेले. तिथून फक्त विजेच्या तारा दिसतात. दुकान म्हणजे मोठं मैदान होतं, त्यात ओळीने पांढरे डबे. विक्रेता वॉल्टर सहा फूट उंच, साठीचा, पायात गुराख्याचे बूट. मी पहिल्या ट्रेलरच्या पायरीशी चपला काढल्या आणि आत गेले. त्याला वाटलं पाय दुखत असतील. चारूनेही बूट काढले. दुसऱ्या ट्रेलरशी पुन्हा तेच. कुणाच्या तरी झोपायच्या जागेत चपला घालून कसं जायचं? चौथ्या ट्रेलरशी वॉल्टरने एक सुस्कारा सोडला, पायरीवर बसला आणि स्वतःचे बूट ओढून काढले. त्याचा एक मोजा फाटका होता. तिथेच मला तो माणूस आवडला.

प्रत्येक डब्यात मी आडवी होऊन बघत होते. कुठे खिडकी उंच, कुठे पायाशी, कुठे नुसतंच स्टोव्हचं दर्शन. सहाव्या डब्यात उजव्या बाजूच्या कोचावर पडले आणि खिडकी अगदी डोळ्यांसमोर आली. बाहेर धूळ होती, कुंपण होतं, एक कुत्रा झोपला होता. मला ते काश्मीर वाटलं.

"अहो, हाच," मी म्हणाले. मग वॉल्टरला इंग्लिशमध्ये सांगितलं, "दक्षिणेकडे जाताना समुद्र उजवीकडे येतो ना? म्हणजे मला इथून झोपल्या झोपल्या सगळा समुद्र दिसेल."

वॉल्टर गोंधळला. "मॅडम, गाडी चालू असताना तुम्ही इथे नसाल. तुम्ही पुढे, मिस्टरांच्या शेजारी."

"का?"

"चालत्या ट्रेलरमध्ये कुणी बसत नाही. कायद्याने मनाई आहे. उलटला तर माणूस वाचत नाही."

चारूने हातातला तक्ता त्याच्यापुढे धरला, जणू त्यात उत्तर होतं. वॉल्टरने रकान्यावरून बोट फिरवलं, शेवटच्या ओळीशी थांबला आणि हळूच विचारलं, "हे एकशे अठरा म्हणजे...?"

चारूने तक्ता घडी करून खिशात घातला. चारूने पाण्याच्या टाकीपासून टायरच्या हवेपर्यंत शंभर प्रश्न विचारले होते. हा एक प्रश्न विचारला नव्हता, कारण तो प्रश्न आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. डबा म्हटला की आत माणसं, हे आम्ही जन्मापासून बघत आलेलो. आणि वॉल्टरच्या जन्मात कुणी ट्रेलरमध्ये बसून प्रवास केला नव्हता.

परतताना पुन्हा विजेच्या तारा. मी रडले, आणि रडताना चारूला नाही नाही ते बोलले. "एवढे शिकलात, एक साधी गोष्ट विचारता आली नाही? कशाला दाखवलीत मला ती खिडकी?" तो गाडी चालवत राहिला. त्याचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. नंतर तीन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही. छत होतं तसंच होतं, पण आता ते मला सहन होईना. याआधी निदान मी ते बघत होते, आता ते माझ्यावर झाकण ठेवल्यासारखं वाटायला लागलं. वाटलं, मी पन्नाशीची होईन, साठीची होईन, आणि ही उन्हाची पट्टी अशीच सव्वाचारला कपाटामागे जाईल.

चौथ्या दिवशी मी पडल्या पडल्या वॉल्टरला फोन लावला. "ज्यात बसलेलं चालतं असं काहीच नाही का?"

तो म्हणाला, "एक प्रकार आहे. फिफ्थ व्हील. तो गाडीच्या मागच्या कड्याला अडकवत नाहीत, त्याची पुढची बाजू पिकअप ट्रकच्या पाठीवर टेकते. स्थिर चालतो. त्यात आपल्या कॅलिफोर्नियात माणूस बसू शकतो. दार आतून उघडायला हवं, काच सेफ्टीची हवी, आणि आतल्या माणसाला ड्रायव्हरला खूण करता यायला हवी. दुसऱ्या स्टेटमध्ये जाल तर तिथलं आधी विचारा." मग म्हणाला, "मी तुमच्यासाठीच शोधत होतो, मॅडम."

पण घोडं पेंड खात होतं ते पिकअपपाशी. आमच्या मंडळात डॉक्टर होते, इंजिनियर होते, पिकअप कुणाकडे नव्हता. उल्हास, चारूचा मित्र, हसून हसून बेजार झाला. "यार चारू, पिकअप? तू काय बोअरवेल खणणार आहेस?" चारू हसला नाही. त्याला लोकांची पर्वा नव्हती, त्याला भीती वाटत होती. एका रात्री मला कूस बदलायला हात दिल्यावर तो पलंगाच्या कडेवरच बसला. "एवढं धूड मी चालवायचं," तो म्हणाला, "आणि आत तू. ब्रेक जोरात लागला तर? मृणाल, मला दिसणारसुद्धा नाहीस तू."

दोन वर्षांत त्याने एकदाही कुरकूर केली नव्हती, आणि मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. तरी म्हणाले, "मी इथे रोज थोडी थोडी मरतेय, तेही तुम्हाला दिसत नाही."

शेवटी ठरलं. वॉल्टरच्या दुकानाच्या पिकअपला फिफ्थ व्हील जोडून एकदा चालवून बघायचं. गिलरॉयपर्यंत, तीसेक मैल. तिथवर मला सोसलं तर घ्यायचा. नाही सोसलं, तर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही. ही अट माझीच होती.

खूण करण्यासाठी चारूला इंटरकॉम बसवायचा होता. मी साफ नाही म्हटलं. "तुम्ही दर मैलाला 'बरी आहेस ना' विचाराल आणि मी दर मैलाला 'हो' म्हणून खोटं बोलीन. बेल लावा. एक दिली की थांबायचं, दोन दिल्या की जायचं." त्याने गॅरेजमध्ये बसून घंटी बनवली. बॅटरी, लांब वायर, आणि माझ्या हाताशी बटण नको म्हटलं म्हणून एक सुती दोरी.

मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी मी त्या डब्याच्या पायऱ्या चढले. चपला बाहेरच काढल्या, मग आठवलं की आपण निघणार आहोत, आणि वॉल्टरने त्या उचलून आत ठेवल्या. पुढचा पलंग उंचावर होता, तिथे वाकून शिरावं लागत होतं, ते मला शक्य नव्हतं. पण उजवीकडे लांब कोच होता, वर रुंद खिडकी. मी उताणी पडले, मान वळवली की बाहेरचं दिसत होतं. चारूने जुन्या सुती साड्यांच्या घड्या माझ्या दोन्ही बाजूंना खोचल्या, पट्टा बांधला, दोनदा तपासला. त्याच्या खिशातून तक्ता डोकावत होता. एकशे अठरा अजून त्यात होते.

तो आणि वॉल्टर पुढे गेले. मी दोरी दोनदा ओढली, आणि सॅन होजे हलायला लागलं.

दुकानं गेली, पाट्या गेल्या, मग टेकड्या सुरू झाल्या. सोनेरी, वाळक्या गवताच्या, एकीच्या मागून दुसरी. ओकची झाडं माझ्याकडे येत होती, वळत होती, जात होती. जर्दाळूची बाग आली, तिच्या रांगा पत्त्यांच्या कॅटसारख्या उलगडल्या आणि मिटल्या. मला वेळेचं भान राहिलं नाही. एका वळणावर वाटलं, आता घाट लागेल. तिकिटांच्या पेटीचा खुळखुळाट ऐकू आला, तो स्वयंपाकाच्या कपाटातल्या कपांचा होता. दोन वर्षांत पहिल्यांदा मी एका जागी नव्हते, मी जात होते.

मॉर्गन हिल गाव मागे पडल्यावर कंबर बोलायला लागली. आधी कुजबुज, मग ओरडा. घाम फुटला. मी दोरी मुठीत धरली पण ओढली नाही. खिडकीतून लसणाचा वास आला, फोडणी होण्याच्या आधीचा, कच्चा. म्हणजे लसणाचं गाव गिलरॉय. डबा हळू झाला, रस्त्याच्या कडेला थांबला. आता एक बेल दिली की चारू येणार, मला उठवणार, परत फिरणार. माझी अट पूर्ण झाली होती. तीस मैल सोसले होते. पण परत फिरण्याचे तीस मैल ही खिडकी समुद्राच्या उलट्या बाजूला असणार, हेही मला ठाऊक होतं.

कमरेत कळ आली आणि माझ्या हाताने दोरी ओढली. एकदाच.

पुढे पिकअपचं दार धाडकन उघडलं. चारू धावत आला, दारापर्यंत न जाता खिडकीशीच थांबला. काचेच्या त्या बाजूला त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या उंचीवर होता. केस पिकलेले, ओठ कोरडे, डोळ्यांत पाणी. इतके दिवस मी त्याला खालून बघत होते. असा समोर, सरळ, त्याला मी दोन वर्षांत नीट पाहिलंच नव्हतं. त्याच्या मागे टेकडीवर गाई चरत होत्या आणि रस्ता दक्षिणेला गेला होता.

"परत जाऊ या," काचेतून तो म्हणाला. "पुरे झालं, मृणाल. तू खूप केलंस."

वडील आठवले. अर्धवट बेल देऊ नये.

मी दोरी नीट धरली आणि ओढली. मग पुन्हा ओढली. पिकअपमधून घंटेचा आवाज दोनदा आला. तिथे बसलेला वॉल्टर मोठ्याने हसला.

"दुखतंय ना तुला?" चारू म्हणाला.

"दुखतंय. घरीही दुखतं. समुद्र किती लांब आहे?"

"तासभर."

"मग डबल दिलीय. तुम्ही इथे कशाला उभे?"

त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि धावत पुढे गेला. डब्याला हिसका बसला, गाई मागे सरकल्या. मी कोचाची कड धरली, दात आवळले आणि कुणाचाही हात न धरता उजव्या कुशीवर वळले.