पिराजीचा कान

"लाव की कान," अप्पा म्हणाले आणि भोवती कोंडाळं करून उभी असलेली माणसं गप्प झाली. गप्प झाली हे पिराजीला त्यांच्या मिटलेल्या तोंडांवरून कळलं.

गाड्यांच्या दुकानामागच्या आवारात दोन नव्या जीप शेजारी शेजारी उभ्या होत्या. रंग एक, नाकडोळे एक. फरक तेवढा बॉनेटखाली. डावीकडची पेट्रोलवर चालणारी, उजवीकडची डिझेलवर. शाहूवाडीच्या डोंगरात धर्मादाय दवाखाना चालवणाऱ्या मंडळाला त्यातली एक घ्यायची होती. दवाखान्याची जुनी जीप पिराजीनं आजच कोल्हापूरला आणून या दुकानात जमा केली होती. मंडळाचे अध्यक्ष अप्पा म्हणजे शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी; माणूस दिलदार, पण एकदा बोलला की बोलला. निवड पिराजी करणार, असं त्यांनी आल्या आल्या जाहीर करून टाकलं होतं.

"आमच्या ड्रायव्हरचा कान बघा आता," ते दुकानाच्या माणसाला सांगत होते. "नुसता दांडा टेकवला की इंजिन आपल्या पोटातलं सगळं सांगतंय त्याला."

ते खरं होतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत अगदी खरं होतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि कुठला व्हॉल्व्ह वाजतोय ते सांगायचं, यासाठी मलकापूर ते आंबा घाटापर्यंत पिराजीचं नाव होतं.

कान एकदम गेले नाहीत. कीर्तन संपल्यावर मंडपातून माणसं उठून जावीत तसे एकेक आवाज उठून गेले. पंचवीस वर्षं पिराजी सप्ताहात बुवांच्या मागं टाळकरी म्हणून उभा राहत आलेला. आधी चिपळ्या गेल्या. मग वीणा गेली. मग बुवांचा वरचा सूर, ज्याच्यासाठी पिराजी वर्षभर सप्ताहाची वाट बघायचा, तोही एका चैत्रात निघून गेला. राहिला मृदंग; पण तो कानात नव्हे, तळपायात. देवळाच्या फरशीतून वर यायचा. मृदंगवाल्याच्या हातावर नजर रोखून पिराजी टाळ वाजवीत राहिला आणि त्याचा एक घाव चुकला नाही. माणसं म्हणायला लागली, पिराजी आता डोळं मिटत न्हाय, एकटक बघत उभा राहतो. म्हाताऱ्याचा देवावरचा भाव वाढला.

हे कौतुक त्याच्या गळ्यात धोंड्यासारखं लोंबत होतं. खरं सांगावं तर लायसन जाणार, नोकरी जाणार, दवाखान्यामागची खोली जाणार. त्याहून जिवाला लागायची ती टाळकऱ्यांच्या ओळीतली जागा. ठाऊक होतं एकट्या धोंडुबाईला, त्याच्या बायकोला. ती समोर बसून, ओठ नीट हलवून म्हणायची, सांगून टाका एकदाचं. तो म्हणायचा, पुढच्या महिन्यात सांगतो. असे चोवीस महिने गेले होते. वीस वर्षांची जुनी जीप अंगभर खुळखुळायची, तिचं दुखणं हाताला कळायचं, म्हणून निभावलं. पण मागच्याच महिन्यात घाटात एक ट्रक मागून हॉर्न वाजवत आला. पिराजीला तो आरशात दिसला तेव्हा अंतर हातभर उरलं होतं. त्या दिवसापासून त्याला घास गोड लागत नव्हता.

लीलाताई पेट्रोलच्या जीपला टेकून उभ्या होत्या. दवाखान्याच्या त्या नर्स. मूळच्या पुण्याच्या, पण बारा वर्षं त्या डोंगरात राहून पावसासारख्या तिथल्याच झालेल्या. त्यांचं म्हणणं त्यांनी सकाळीच मांडलं होतं. बाळंतपणाला अडलेली बाई खाली आणताना त्यांना वाटेत पाच ठिकाणी पोटावर लाकडी नळी लावून बाळाचे ठोके ऐकावे लागत. पेट्रोलचं इंजिन मुकाट असतं, आणि बंद केलं तरी पुन्हा लगेच चालू होतं. डिझेलचं धडधडतं, गारठ्यात, पावसात बंद केलं तर रुसून बसतं.

त्यांचं म्हणणं पिराजीला नुसतं पटलं नव्हतं, त्यानं ते डोळ्यांनी बघितलं होतं. मागच्या मार्गशीर्षात धनगरवाड्यावरची झुंबरबाई गाडीत होती. पाचव्या थांब्याला लीलाताईंनी नळीला कान लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. मग उठून म्हणाल्या, मलकापूरला थांबू नका, सरळ कोल्हापूरला घ्या, ठोके मंदावलेत. झुंबरबाईचं पोर आता रांगत होतं.

पिराजीनं पेट्रोलची किल्ली फिरवली. दांडा टेकवला, मूठ कानाला लावली, सवयीनं डोळे बारीक केले. काहीच नाही. विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये तसं. नवं इंजिन, हाताला थरथरसुद्धा लागेना. जुनी जीप चालू झाली की हाताला कळायचं, नव्या गाडीत आधार फक्त डायलवरच्या काट्याचा. इथं काचेवर ऊन पडलेलं, काटा दिसेना. त्याला वाटलं, इंजिन लागलंच नाही. त्यानं पुन्हा किल्ली फिरवली.

चालू इंजिनावर स्टार्टर मारला की जे करकरतं ते सगळ्या आवारानं ऐकलं. पिराजीनं ते माणसांच्या तोंडावर वाचलं. दुकानाच्या माणसाचा चेहरा चिंच खाल्ल्यासारखा झाला होता.

"स्टार्टरचं दात बघितलं," पिराजी म्हणाला.

अप्पा खूश झाले. बघा, दात मोजून गाडी घेतोय आमचा माणूस, असं काहीतरी ते पान चघळत म्हणाले असावेत. कारण सगळे हसले.

मग डिझेल. किल्ली फिरवली आणि पिराजीच्या टाचेपासून कण्यापर्यंत कुणीतरी थाप मारली. स्टिअरिंग बोललं, सीट बोलली, पायाखालचा पत्रा बोलला. चारही सिलिंडर वेगवेगळे मोजता येत होते. दोन वर्षांत कुठल्याही वस्तूनं त्याच्याशी इतकं मोकळं बोलणं केलं नव्हतं. या गाडीत तो आणखी पाच वर्षं कुणाला कळू न देता काढू शकला असता.

"डिझेलची घ्या," तो म्हणाला. आणि कारणंही दिली. ओढ्यातनं जाताना पेट्रोलच्या प्लगला पाणी लागतं, गाडी मधीच बसते. डिझेलला प्लगच न्हाय. पेट्रोल किती महाग झालंय. कारणं सगळी खरी होती. खोटं होतं ते फक्त कारण सांगणारं तोंड.

अप्पांनी मान डोलावली, विषय संपला. लीलाताई वाद घालणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी एवढंच मागितलं की रंकाळ्यापर्यंत एक फेरी मारू, मला मागं बसून नळी लावून बघू दे. कुणाला लावणार म्हटल्यावर त्यांनी अप्पांकडं बोट दाखवलं. कोल्हापूरचा एवढा मोठा व्यापारी सदऱ्याची बटणं सोडून जीपच्या मागच्या बाकावर पेशंट होऊन आडवा झाला. वर दुकानाच्या माणसाला सांगून गेला की मुलगा झाला तर पेढे तुमच्याकडून.

पिराजीनं गाडी रस्त्याला घेतली. गाडी झकास चालली होती आणि त्याचा जीव मात्र सापळ्यातल्या उंदरासारखा आतल्या आत फिरत होता. त्याला आदल्या संध्याकाळचं कीर्तन आठवलं. बुवा निरूपण करता करता त्याच्याकडं वळून म्हणाले होते, "टाळकऱ्यानं आपल्या सोयीचा ताल धरला, तर..." आणि पुढचं बोलताना त्यांनी तोंड मृदंगवाल्याकडं फिरवलं होतं. पुढचं वाक्य पिराजीला मिळालंच नाही. मंडपातली माणसं मात्र ते ऐकून गंभीर झालेली त्यानं बघितली होती.

वळणावर त्यानं सहज आरशात बघितलं. लीलाताई अप्पांच्या छातीवर वाकलेल्या. त्यांनी नळीवरून डोकं उचललं, नाही नाही अशी मान हलवली आणि तोंड उघडून काहीतरी म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या. ओठांचा आकार त्याला आता कळला: मामा, थांबवा. त्यानं ब्रेक लावला. किती वेळा म्हणाल्या असतील? अप्पा उठून बसत हसत होते. पिराजी गाडीत रंगला, असं त्यांचं तोंड सांगत होतं. लीलाताई हसत नव्हत्या. आरशात त्यांचे आणि पिराजीचे डोळे एकमेकांना लागले आणि तिथंच थांबले. इतकी वर्षं लोकांच्या पोटातलं ऐकणाऱ्या त्या बाईला आणखी काही ऐकायची गरज उरली नाही.

आवारात परत आल्यावर अप्पांनी विचारलं, काय लागला का ठोका? लीलाताई मुद्दाम पिराजीच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. हळू, एकेक अक्षर मोकळं करत म्हणाल्या, "नाही लागला. पण पिराजीमामा म्हणतील तीच घ्या, अप्पा."

त्यांनी ओरडून सगळ्यांना सांगितलं असतं तर पिराजीनं वाद घातला असता, शपथा घेतल्या असत्या. पण त्यांनी दार उघडं ठेवलं आणि स्वतः बाजूला झाल्या. त्या उघड्या दारातून पळून जायला त्याला जागाच उरली नाही. कागदावर गाडीचा प्रकार लिहायला दुकानाच्या माणसानं पेन उघडलं होतं.

"पेट्रोलची लिवा," पिराजी म्हणाला.

अप्पांचं पान चघळणं थांबलं. मग ते भराभर काहीतरी बोलायला लागले. पानानं भरलेलं तोंड पिराजीला कधीच वाचता यायचं नाही. एरवी त्यानं अंदाजानं व्हय म्हटलं असतं. आज त्यानं हात वर करून त्यांना थांबवलं.

"मला ऐकायला येत न्हाय, अप्पा. ताईंची गाडी पेट्रोलचीच पायजे. आन् तिला कान असलेला माणूस बघा."

कुणी काही बोललं असेल तर ते पिराजीला ठाऊक नाही. अप्पा बाजूला गेले, पान थुंकले, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि परत येऊन त्याच्या अगदी पुढ्यात उभे राहिले.

"किती दिस?"

"दोन वर्सं."

अप्पांनी पिराजीकडच्या पेट्रोलच्या किल्लीसाठी हात पुढं केला नाही. त्यांना ते जमेना. तेव्हा पिराजीनंच ती पेट्रोलच्या जीपच्या बॉनेटवर ठेवली आणि शेजारी आपला स्क्रूड्रायव्हर ठेवला. लीलाताईंनी तो उचलला, पदरानं पुसला आणि पिशवीत लाकडी नळीशेजारी ठेवून दिला.

दुपारच्या मलकापूर एसटीत पिराजी सगळ्यात पुढं बसला, इंजिनाच्या तापलेल्या झाकणाजवळ, जिथं उन्हाच्या दिवसांत कुणी बसत नाही. पंचगंगेचा पूल मागं पडल्यावर कंडक्टर आला. त्यानं दोनदा विचारलं असावं, कारण तिसऱ्यांदा खांद्याला हात लावला.

"भईरा हाय मी, मास्तर. जरा म्होरं येऊन बोला," पिराजी म्हणाला. दोन वर्षं गिळलेला शब्द किती साध्या आवाजात बाहेर पडला, ते त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही.

कंडक्टर समोर आला. वाकून, ओठ नीट हलवून त्यानं विचारलं, कुठं? पिराजीनं सांगितलं. तिकीट खिशात ठेवून त्यानं चपला काढल्या आणि दोन्ही तळपाय पत्र्यावर टेकवले. खाली जुनं डिझेल इंजिन धडधडत होतं. बुवांचं ते अर्धं राहिलेलं वाक्य पुढं काय असेल, ते आता कुणाला विचारायला नको होतं. बस चढाला लागली तसा त्यानं इथं मृदंगवाल्याचे हात बघायचे नव्हते म्हणून डोळे मिटले, आणि मांडीवर दोन बोटांनी ताल धरला.