सील केलेली पुडी

चष्मेवाल्याच्या त्या दिवसाच्या फायद्याचं वजन करायला बसलं, तर ते वाटाण्याएवढंही भरत नव्हतं. त्याला हवा होता एक हिरवा खडा. तो मिळाला, की ताईच्या कानातल्यांची जोडी रविवारच्या आत पुरी होणार होती आणि ताईला काही कळणार नव्हतं. त्यातला दुसरा भाग जास्त मोलाचा होता.

दुकान बंद केल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर दागिने घडवायचा त्याला नाद होता. चांदीची तार वाकवायची, खडे बसवायचे, बायको "छान" म्हणाली की कुठे चुकलंय ते शोधत बसायचं. मोठ्या बहिणीने, म्हणजे ताईने, मुलीच्या लग्नात घालायची पाचूची कानातली त्याच्याकडे "जरा स्वच्छ करून दे" म्हणून दिली होती. याने ती चष्मे धुण्याच्या थरथरत्या यंत्रात टाकली. काचा त्यातून लख्ख निघतात. पाचूच्या अंगात मुळातच बारीक भेगा असतात आणि त्या तेल मुरवून झाकलेल्या असतात, हे सराफाच्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं. चष्मेवाल्याच्या घरात नसतं. एक पाचू वाचला. दुसरा मधोमध तडकला.

बायकोच्या धाकट्या भावाची सराफी होती. त्या आठवड्यात खड्यांचं आणि दागिन्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, पण आत फक्त व्यापाऱ्यांना सोडत होते. मेव्हण्याने आपल्या दुकानाच्या नावाचा बिल्ला त्याच्या गळ्यात अडकवला आणि दारातच बजावलं, "भाऊजी, बघा, विचारा, हवी तेवढी मान हलवा. फक्त आकडा बोलू नका." एवढं सांगून तो मखमली डब्या बघायला गेला.

आत चष्मेवाला पार भांबावला. हॉलमध्ये एवढे दिवे होते, की कुठल्याच वस्तूला सावली नव्हती. ज्या टेबलांवर लखलखाट होता तिथे चिटपाखरू नव्हतं, आणि गर्दी होती ती साध्या पांढऱ्या कागदाच्या पुड्या घेऊन बसलेल्यांभोवती. जो कुणी भेटे तो आधी त्याच्या छातीवरचा बिल्ला वाचे आणि मग तोंडाकडे बघे. सकाळपासून त्याने कापडी पिशवीसाठी एक सही केली, कॅलेंडरसाठी एक केली, आणि तिसरी कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं.

अखेर एका बाईंच्या टेबलावर पाचू दिसले. त्याने खिशातून वाचलेलं कानातलं काढलं. बाईंनी ते भिंगाखाली धरलं, एक पुडी उलगडली आणि चिमट्याने एक खडा शेजारी ठेवला. रंग तोच, घाट तोच. जुळी भावंडं.

"हा एकच द्या," तो म्हणाला.

"सगळ्यांना एकच हवा असतो, शेठ. मग बाकीचे मी उशाशी घेऊन झोपू का? पुडी अख्खी जाते."

बाईंनी पुडीचा भाव सांगितला. चष्मेवाल्याने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे बाईंना कळलं नाही आणि त्यालाही.

"बरं, तुम्ही बोला."

"नको, तसं नाही..."

"बोला हो. बोलायला काय पैसे पडतात?"

त्याने विचार केला, इतकं कमी बोलावं की बाई रागावून पुडी मिटतील आणि आपली सुटका होईल. तो निम्म्याच्याही खाली उतरला. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पुडी मिटून पाकिटात घातली, पाकिटावर चिकटपट्टी लावली, बिल्ल्यावरचं नाव बघून ते पट्टीवर लिहिलं आणि पाकीट पुढे केलं. "सही. अर्धी पट्टीवर, अर्धी कागदावर."

सही करण्यात त्याचा हात एव्हाना बसला होता. पाकीट घ्यायला त्याने हात पुढे केला, तर बाईंनी ते मागच्या पेटीत ठेवलं आणि त्याच्या हातावर पेपरमिंटची गोळी ठेवली. "संध्याकाळी या."

खडा मिळाला नाही, पैसे कुणी मागितले नाहीत, आणि तोंडात गोळी. चार पावलांवर त्याने मागे वळून पाहिलं. एक जाडजूड व्यापारी तीच पुडी मागत होता आणि बाई चष्मेवाल्याकडे बोट दाखवत होत्या. व्यापाऱ्याने लांबूनच आदराने मान लववली. यानेही लववली.

मेव्हणा चहाच्या टेबलापाशी सापडला. सगळं ऐकून त्याने कप खाली ठेवला. "भाऊजी, तुम्ही पुडी सील केलीत."

"म्हणजे विकत घेतली?"

"नाही."

"मग घेतली नाही?"

"तसंही नाही. तुम्ही भाव बोललात. बाई दलाल आहेत, त्या आता मालाच्या मालकाला विचारणार. तोवर ती पुडी दुसऱ्या कुणाला दाखवायची नाही. मालक नाही म्हणाला तर सुटलात. हो म्हणाला तर माल आपला आणि पैसे आजच."

"आणि मी नको म्हणालो तर?"

"तुम्हाला कोण ओळखतं इथे? पट्टीवर नाव माझं आहे. उद्यापासून माझ्यासमोर कुणी पुडी उघडणार नाही." मग जरा खालच्या आवाजात तो म्हणाला, "आणि माझे पैसे सगळे सोन्यात अडकलेत."

दोघं वाट बघत बसले. मालकाने नाही म्हणावं, असं चष्मेवाल्याने मनोमन मागितलं. मग खडा आठवला आणि हो म्हणावं असं मागितलं. मग मेव्हण्याचा चेहरा दिसला. शेवटी त्याने मागणंच सोडलं.

मालक हो म्हणाला.

मेव्हण्याने पुडीवर बराच वेळ भिंग धरलं. "वाईट नाही."

"म्हणजे चांगली आहे?"

"वाईट नाही म्हणालो. ताईंना मुलीसाठी हार करायचाय ना? लावा फोन."

चष्मेवाल्याने फोन लावला आणि एका दमात सांगितलं, की हारासाठी फार सुरेख पाचू मिळतायत, भाव तर अगदी पाडून घेतलाय. ताईने हाराचं नावही काढलं नाही.

"कुठलं तडकलं? डावं की उजवं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"परवा तू आपणहून फोन करून माझ्या तब्येतीची चौकशी केलीस. काहीतरी फुटल्याशिवाय तू करत नाहीस. किती म्हणालास?"

त्याने आकडा सांगितला.

"अजून खाली उतरायचं होतंस. दे मेव्हण्याला फोन."

तर आता वजाबाकी. पुडीचे पैसे ताईने भरले. हाराची मजुरी मेव्हण्याला मिळाली, तीही ताईनेच भरली. कानातल्यात बसवलेला नवा खडा त्याच पुडीतला, म्हणजे तोही ताईचाच. बाईंना दलाली सुटली. चष्मेवाल्याच्या खिशातून छदामही गेला नाही. यात आपण जिंकलो की हरलो, हे त्याला लग्नाच्या दिवसापर्यंत कळेना. त्या दिवशी तो मांडवात शिरला, तेव्हा त्याला बघताच ताईने पाहुण्यांच्या घोळक्यात दोन्ही हातांनी कानातली झाकून धरली आणि सगळे हसले. तेव्हापासून तो तिच्या घरात पाऊल टाकतो तेव्हा ती तेच करते. पैसे ताईने भरले. बाकीचं चष्मेवाला भरतोय, हप्त्याहप्त्याने.