सोमवारची मोजणी

हरकत क्रमांक दोनशे सतरा माझ्या बायकोची होती. सुनावणीचं पत्र आलं तेव्हा तिला जाऊन चाळीस दिवस झाले होते. पत्रावर तिचं नाव होतं आणि खाली नेहमीचं वाक्य, हरकतदार गैरहजर राहिल्यास हरकत निकाली काढण्यात येईल. हे वाक्य मी नोकरीत शेकडो पत्रांवर पाहिलं आहे. गैरहजर या शब्दापाशी कधी थांबलो नव्हतो.

मी नगरपालिकेच्या नगररचना विभागात एकतीस वर्षं मोजणीदार होतो. शहराचा नवा विकास आराखडा करायचा, तर आधी आज कुठल्या जागेवर काय आहे ते मोजून कागदावर आणावं लागतं. घरं पिवळी, दुकानं निळी, कारखाने जांभळे. जिथे काहीच नाही तिथे रंग भरत नाहीत. कागद कोरा ठेवायचा आणि बारीक अक्षरात 'मोकळी' लिहायचं. खाली सही आणि तारीख.

बाजारपेठेची मोजणी आम्ही सोमवारी करायचो. सोमवारी बाजार बंद असतो. रस्त्यात गाड्या नसतात, टेप सरळ धरता येते, आणि "साहेब, आमचं घर जातंय का हो?" असं विचारत कोणी पाठी लागत नाही. माझ्या पहिल्या साहेबांनी मला एक नियम घालून दिला होता. डोळ्यांना दिसतं ते लिहायचं, डोक्यात असतं ते नाही. तो नियम मी एकदाही मोडला नाही.

जुन्या गोदामामागे एक पटांगण आहे. तिथे चौसष्ट बायका दुरुस्तीची कामं करतात. कोणी छत्र्या, कोणी चपला, कोणी कुकरचे दांडे. माझी बायको चेन बदलायची, पँटची, जॅकेटची, शाळेच्या दप्तराची. तिच्या शेजारी बॅगवाली मावशी बसायची. रविवारी संध्याकाळी सगळ्याजणी आपापलं सामान गोदामात ठेवायच्या आणि पटांगण झाडून घरी जायच्या. सोमवारी तिथे चिंधीसुद्धा सापडायची नाही.

चार वर्षांपूर्वी त्या पटांगणाचा कागद माझ्याकडे आला. मी सोमवारी गेलो. तिच्या मशीनच्या तेलाचा डाग फरशीवर होता, तो मी पाहिला. एक मिनिट उभा राहिलो. माहीत असलेलं लिहावं, तर उद्या कोणीतरी म्हणणार, बायकोची जागा वाचवली. मी 'मोकळी' लिहिलं, सही केली आणि पुढच्या गल्लीत गेलो. त्या दिवशी मला स्वतःचा थोडा अभिमानच वाटला होता, हेही सांगून टाकतो. घरी काही बोललो नाही.

पुढे मी निवृत्त झालो आणि नंतर आराखडा जाहीर झाला. पटांगणावर बहुमजली वाहनतळाचं आरक्षण पडलं होतं. ती आणि मावशी नगरपालिकेत नकाशा बघून आल्या. ती चपला काढता काढता म्हणाली, आमच्या जागेवर मोकळी लिहिलंय. मी म्हटलं, असं? एवढंच म्हटलं. कोणी लिहिलं, हे तिने विचारलं नाही. तीन मोजणीदार होतो आम्ही, तिला कुठून कळणार, अशी मी स्वतःची समजूत घातली.

हरकतीला साठ दिवसांची मुदत होती. ती रोज कामावरून आली की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहीत बसायची. विषय कसा लिहायचा, मुद्द्यांना क्रमांक कसे द्यायचे, सह्यांचा कागद कुठे जोडायचा, सगळं मी सांगितलं. आत काय लिहिलंय ते मात्र कधी वाचलं नाही. वाचायला धजलो नाही, हे जास्त खरं. हरकत दाखल झाल्यावर दोन महिन्यांनी तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. तीन दिवस दवाखान्यात होती, शुद्धीवर आलीच नाही.

सुनावणीला मी तिचा मृत्यूचा दाखला घेऊन गेलो आणि वारस म्हणून तिच्या जागी बसलो. वरचा मोठा हॉल भरला होता. समोर सुनावणी घेणारे अधिकारी होते, त्यांच्या बाजूला आमच्या विभागातला जुना आरेखक नकाशे घेऊन बसला होता. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली.

आधी नव्या इमारतींतल्या रहिवाशांच्या वतीने एक निवृत्त प्राध्यापक बोलले. शहर वाढतंय, गाड्या वाढताहेत, मुलांना चालायला रस्ता उरलेला नाही. त्यांचंही खोटं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, या भगिनींबद्दल आदर आहे, पण छत्री काय, कुठेही बसून दुरुस्त करता येते.

"गाडीपण कुठेही लावता येते की, सर," मावशी मागून म्हणाली. "तुमच्या त्या काळ्या बॅगेचं हँडल मी दोनदा शिवलंय. घरी येऊन नव्हतं शिवलं."

हॉल हसला. प्राध्यापकही हसले आणि त्यांनी बॅग खुर्चीखाली सरकवली.

मग दोनशे सतरा क्रमांक पुकारला. अधिकाऱ्यांनी तिची हरकत वाचली. माणूस वाईट नव्हता, सावकाश वाचत होता. पहिल्या मुद्द्यात कोण किती वर्षं बसते ते होतं, दुसऱ्यात किती घरं त्यावर चालतात. तिसऱ्यात गोदामाच्या मालकाचं संमतीपत्र. चौथ्यात वाहनतळासाठी दुसऱ्या दोन जागा सुचवल्या होत्या, मोजमापासकट. ती मोजमापं तिने कधी घेतली, मला माहीत नाही. मग त्यांनी पान उलटलं, पुन्हा मागे आले. म्हणाले, पाचव्या मुद्द्याचा नुसता आकडा आहे, पुढे काही नाही.

त्यांनी आरेखकाकडून नकाशा मागून घेतला. म्हणाले, तुमची अडचण कळते, पण आमच्या नोंदीत ही जागा मोकळी आहे, आणि ती नोंद चुकीची आहे असं हरकतीत कुठेच म्हटलेलं नाही.

मी उभा राहिलो. बोलायचं ठरवून आलो नव्हतो.

"ती नोंद मी केलीय," मी म्हटलं. "सोमवारी केलीय. सोमवारी तिथे कोणी बसत नाही, हे मला माहीत होतं. माझी बायकोच बसायची तिथे."

आरेखक नकाशाची कडा सरळ करत राहिला. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, हे हरकतीत आहे का. मी नाही म्हटलं.

"काका, तुम्ही याच विभागातले," ते म्हणाले. "सुनावणी लेखी मुद्द्यांवरच होते. मुदत संपल्यावर नवा मुद्दा मला घेता येत नाही. हे मी तुम्हाला सांगायचं?"

सांगायची गरज नव्हती. या नियमावर मी कितीतरी लोकांना दारातून परत पाठवलेलं आहे. त्यांनी माझं म्हणणं टिपून घेतलं, पण वेगळ्या कागदावर. तो कागद कुठे जातो, तेही मला माहीत आहे. दोन महिन्यांनी आराखडा मंजूर झाला. वाहनतळ जागच्या जागी. पटांगण रिकामं करायला बायकांना सहा महिने दिले आहेत.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवसाचं. हॉलमधून बाहेर पडलो तर जिन्यावर मावशी उभी होती. वाटलं, आता शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या.

"भावोजी, आम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "त्या कागदावर खाली तुमची सही होती. आम्ही दोघींनी पाहिली. तारीखपण पाहिली, सोमवारच होता."

ती सांगत राहिली. पाचवा मुद्दा तोच होता. माझ्या बायकोने त्यासाठी जागा सोडली होती. ते मला स्वतः सांगतील, म्हणायची, त्यांनी सांगितलं की लिहीन. न सांगता लिहिलं तर चार लोकांत नवऱ्याकडे बोट दाखवल्यासारखं होईल. मावशी तिच्याशी भांडली होती. तुझ्या नवऱ्याची अब्रू चौसष्ट चुलींपेक्षा जड का, असं तिने तोंडावर विचारलं होतं आणि आठ दिवस अबोला धरला होता.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"म्हणाली, सांगतील गं. सावकाश माणूस आहे."

मावशीने पदराने तोंड पुसलं आणि ती जिना उतरून गेली. तिला पटांगणावर परत जायचं होतं, गिऱ्हाईक थांबलं होतं.

मुदतीचा शेवटचा दिवस मला आठवतो. एरवी कामाच्या दिवशी ती उभ्या उभ्या चहा घ्यायची. त्या दिवशी माझ्यासमोर बसली. म्हणाली, अहो, आज शेवटचा दिवस आहे, काही राहिलंय का? मला कळलं नाही, असं मी म्हणू शकत नाही. काहीतरी कळलं होतं. मी म्हटलं, पोच घ्यायला विसरू नकोस.

पोच तिने घेतली होती. ती गेल्यावर तिच्या पाकिटात मिळाली. घरातून ती नऊला निघाली होती आणि शिक्क्यावरची वेळ पावणेपाचची आहे. पाचला खिडकी बंद होते. दिवसभर तिथल्या बाकावर बसून असणार. दुपारी तिचा मला फोन आला होता. जेवलात का, म्हणाली. मी हो म्हटलं. मग ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, मीही बोललो नाही, आणि तिने फोन ठेवला.