तोंड मिटून शिकलेले डाव

सगळ्यांनी मला एकच विचारलं, "वरडली का न्हाईस?"

सासूबाईंनी विचारलं, धाकट्या दिरांनी विचारलं, लेकीनं तर रडत विचारलं. त्या पहाटे वाटेलगतच्या रानात आमचा शेजारी जयराज उसाला पाणी पाजत होता. एक हाक मारली असती तर तो बांध ओलांडून आला असता. पण मोटारसायकलवरच्या माणसानं मागून गळ्याला हात घातला, तेव्हा मी फक्त मंगळसूत्राच्या वाट्या मुठीत आवळल्या. दोरा तुटला. तो रिकाम्या हातानं पळाला आणि मी वाटेवर बसून काळे मणी वेचत राहिले. तोंडातून चकार शब्द नाही.

मौन होतं माझं. मालक सेलमला सोनं गाळायच्या दुकानात असतात. आमच्या विट्याकडं अशी पुष्कळ घरं, माणसं परमुलखात आणि सोनं बायकांच्या गळ्यात. तेजाबाचा धूर त्यांच्या छातीत बसला. मार्गशीर्षात खोकताना रक्त पडलं, तेव्हा मी भैरोबाला नवस बोलले. ते बरे होऊन घरी येईपर्यंत रोज उजाडायच्या आत अनवाणी दर्शनाला येईन, आणि उठल्यापासून दर्शन होईस्तोवर शब्द काढणार नाही. तेव्हापासून रक्त पडलेलं नाही. खोकला आहे. पण गुण यायला लागला की भीती आणखी वाढते. वाटतं, आपल्याच हातून काही चुकलं तर?

देऊळ ओढ्यापलीकडं. पूर्वी वाट उघड्या माळावरची होती. टेंभू योजनेचं पाणी आलं आणि दोन्ही अंगांना ऊस उभा राहिला. देवानं दिलेलं पीक, त्याला नावं कशी ठेवायची? पण पहाटे पाचट सळसळलं की माझं काळीज लक्कन हलतं.

"वैनी, वाट बदला न्हाईतर वेळ बदला," धाकटे दीर हंबीरराव म्हणाले. ते फौजेतून निवृत्त होऊन आलेले. "दोनी न्हाई म्हणता? मग सांजचं अंगणात या. तुमालाच बदलतो."

"आईला मी शिकवणार," पल्लवी म्हणाली. लेक विट्याला कराटे शिकते. तपकिरी पट्टा आहे, साताऱ्याच्या स्पर्धेत पदक आणलंय. झालं. आमच्या तुळशीपुढं दोन शाळा उघडल्या.

पल्लवीचं सगळं मापात. पाय एवढे लांब, गुडघा असा, मूठ कमरेशी. मनगट धरलं तर अंगठ्याच्या बाजूला पिळायचं, तिथं पकड कच्ची असते. मला ते आवडलं. पूजेसारखं होतं, क्रम चुकवायचा नाही.

"चोर काय थांबतोय व्हय तुझा पवित्रा व्हईस्तवर?" भावजी म्हणायचे. "आमच्यात तीनच जागा. डोळं, नरडं, गुडघा. हानायचं आन् पळायचं."

"काका, ते नियमात बसत न्हाई."

"मग चोराला वाचून दाव तुझं नियम."

"आन् तुमचं आईला जमंल का? ती झुरळ मारत न्हाई, माणसाच्या डोळ्यात बोट घालंल?"

सासूबाई शेंगा फोडत बसलेल्या. "कडकडून चावायचं," त्या म्हणाल्या. "आमच्या येळंला येवढंच व्हतं."

"आज्जी, तुझं दात कुठं हायत?"

"म्हनून तर म्या अंधारचं जात न्हाई."

एका गोष्टीवर मात्र दोघांचं पटायचं. आधी ओरडायचं. पल्लवी बेंबीपासून आवाज काढी. भावजी ओरडले की गोठ्यातली म्हैस दावं ओढी. मी तोंड उघडलं की दुधावरची साय हलावी एवढाच आवाज यायचा.

"वैनी, आरती म्हणताय व्हय? फाडून वरडा!"

मी थांबले. हात शिकत होते हे मला दिसत होतं. सासूबाईंनी सहज मनगट धरलं, तर माझा हात आपोआप पिळून सुटला होता. उद्या तोंडही असंच शिकलं, आणि पहाटे मला न विचारता उघडलं तर?

"डाव शिकते," मी म्हटलं. "आवाज नको."

"जीव वाचवाया वरडलं तर देव रागावंल व्हय?" पल्लवी चिडली.

"माझ्या जिवाचा नवस न्हाई तो."

दुसऱ्या पहाटेपासून पल्लवी माझ्याबरोबर यायला लागली. मला धीर यायला हवा होता. उलट आता दोन जिवांची भीती. दुधाची गाडी लांबवर वाजली तरी मी तिला बांधाकडं ओढायची.

आणि एका पहाटे मोटारसायकलवरचे चोर पुन्हा आले. या वेळी समोरून, दिवा बंद करून. मागं बसलेला उतरला आणि सरळ माझ्या गळ्याकडं आला. त्यानं मनगट धरलं, मी अंगठ्याच्या बाजूला पिळलं, सुटलं. लेकीचं शिक्षण खरं होतं. पण लेक? ती पवित्र्यात उभी होती. पाय मापात, मुठी वर, तोंड उघडं, आणि आत आवाजच नाही. डोळे काचेसारखे. त्यानं तिची वेणी धरली आणि हिसडा दिला.

"आकारामऽऽ!"

कोण ओरडलं ते मला आधी कळलंच नाही. उसातून पाखरं उडाली. "आकारामऽऽ, धाव!"

चोरानं उसाकडं बघितलं. त्याला वाटलं असणार, कुणी आकाराम आत दबा धरून आहे. तेवढ्यात जयराजची बॅटरी बांधावर हलली. वेणी सुटली, गाडी ओढ्याकडं पळाली.

आकाराम माझ्या मालकांचं नाव. लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर कधी नाही. मौन मोडलं, तेही त्यांच्याच नावानं. मी देवळात गेले, पण मान वर करून भैरोबाकडं बघितलं नाही.

घरी पल्लवी माझ्या पदरात तोंड घालून रडली. "पट्टा जाळून टाकते. माझा आवाजच आला न्हाई."

"फौजेत पहिल्या येळी माझा बी आला न्हवता," भावजी हळू म्हणाले.

दुपारी सेलमहून फोन आला. सासूबाईंनी आधीच सगळं कळवलं होतं.

"नाव घेतलंस म्हणं माझं?"

"चुकलं."

"अगं, चुकलं काय? लग्नात बी येवढ्या मोठ्यानं घेतलं न्हवतंस." ते हसायला लागले, आणि हसता हसता खोकला आला. थांबेना.

"रुमाल बघा," मी म्हटलं. "आधी रुमाल बघा."

किती तरी वेळ नुसती धाप ऐकू येत होती. मग म्हणाले, "कोरडा हाय."

"खरं?"

"खरं. उद्या बी वरडायला लागलं, तर वरड."

पण ते नेहमीच कोरडा म्हणतात. मार्गशीर्षातलं रक्तसुद्धा मला त्यांच्या दुकानातल्या जोडीदाराकडून कळलं होतं.

सांजेला अंगणात आले. पल्लवी तुळशीपुढं एकटीच उभी होती, पाय मापात, मुठी कमरेशी. तोंड उघडत होती आणि मिटत होती.

"पवित्रा राहू दे," मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले. "आधी हाक मार. कुणाला बी."

"तू मार आधी."

मी श्वास घेतला. पलीकडच्या रानात ऊस सळसळला, आणि आम्ही दोघींनी एकदमच मागं वळून बघितलं.