निळ्या बेडकांचं विष

प्राणिसंग्रहालयातलं बेडकांचं काचघर धाकटीच्या ताब्यात होतं आणि अख्खं संग्रहालय तिच्या थोरल्या बहिणीच्या. ऑफिसात मॅडमचं ऐकायचं, घरी ताईचं, माणूस एकच.

निळेजर्द बेडूक होते ते, उष्ण, दमट जंगलात पाचोळ्याखाली राहणारे. पानांच्या बेचक्यात साचलेल्या पाण्यात धाकटीनं त्यांची पिल्लं वाढवली होती. खायला मात्र बाटलीत पैदास केलेली चिलटं.

"पाहुणे येतायत. त्यांच्यासमोर जंगलात सोडायचे," ताई म्हणाली.

"ताई, यांच्या अंगात विष नाहीये. ते जंगलातल्या मुंग्या आणि बारीक किडे खाऊन येतं. आपले बेडूक नुसते दिसायला भडक. एखाद्या पाखरानं चाखून पाहिलं की संपलं. आधी तिथेच जाळीत ठेवू, तिथलं खाऊ देत. पावसाळाभर थांब."

"आमंत्रणं गेलीत. दर वेळी तुझीच माशी कशी गं शिंकते?"

काचघरात काही जोड्या ठेवून बाकीचे बेडूक सोडले. टाळ्या झाल्या, फोटो निघाले.

पुढच्या आठवड्यात धाकटी एकटीच तिथे गेली. पाचोळा उपसून उपसून तिची नखं काळी झाली. एकही बेडूक सापडला नाही. ओढ्याकाठच्या खडकावर एक निळा पाय तेवढा पडला होता. वरच्या फांदीवर एक पाखरू चोच पुसत होतं.

संग्रहालयाच्या समितीच्या बैठकीत ताईनं तिच्याकडे न बघता सांगितलं, "संगोपनात कसूर झाली."

धाकटीनं घरी येऊन आईपुढे मन मोकळं केलं. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "जाऊ दे गं. तिच्या नावाला बट्टा लागेल. तुझं काय, तुला कोण ओळखतं?"



काही दिवसांनी ताई काचघरात आली. "उरलेल्यांची पैदास वाढव. पुढच्या वर्षी परत सोडू. या खेपेला नीट खायला घाल म्हणजे झालं."

"काचघराच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्यात," धाकटी म्हणाली. "तूच घाल."

तिला वाटलं, ताई थांबवेल, निदान चिडेल तरी. ताईनं किल्ल्या उचलून पर्समध्ये टाकल्या.

"बरं झालं, तूच म्हणालीस. तुझ्या जागी माणूस कधीच बघून ठेवलाय. मला फक्त तुला सांगायला जड जात होतं."

धाकटी बाहेर पडली. घरी जावं, तर आई होती. फाटकाबाहेरच्या बाकावर ती ऊन उतरेपर्यंत बसून राहिली.