पाचव्या कपाटाचा हार

ऑक्टोबरच्या उन्हात अख्खं कोल्हापूर घामाघूम झालेलं, आणि आमचा आकाराम कानटोपी घालून कामावर! हसू नका. पंचगंगेच्या पुराचं गणित मांडणारा महासंगणक ज्या खोलीत होता, तिथली वीज आणि एसी सांभाळायचं काम त्याचं. ती खोली म्हणजे नुसता बर्फाचा कारखाना झाली होती.

केंद्राची प्रमुख संयोगिता. तीही शाल पांघरून बसायची आणि डोकं मात्र तापलेलं. आठ लोखंडी कपाटं, त्यांत ठासून भरलेली यंत्रं, आणि सगळी मिळून एकच गणित सोडवणार. त्यातलं एक जरी तापून बंद पडलं की सगळ्यांची मेहनत पाण्यात. आणि आठव्या कपाटातलं कुठलं ना कुठलं यंत्र दर वेळी मान टाकायचंच. मग एसी आणखी वाढवा, वीज आणखी जाळा. शेवटी पुण्याच्या वरिष्ठांनी बजावलं, "दसऱ्यानंतर येतो. कमी विजेत एक गणित शेवटपर्यंत नेऊन दाखवा, नाहीतर मशीन इकडं हलवू."

मशीन पुण्याला! तेव्हापासून संयोगिताला घास गोड लागेना. पाणी आमच्या दारात येणार आणि त्याचा हिशेब पुण्यात बसून करणार व्हय? हे यंत्र आणायला तिनं चार वर्षं उंबरे झिजवले होते.

खंडेनवमीला आकाराम झेंडूच्या हारांची टोपली घेऊन हजर.

"मॅडम, पूजा न्हाय केली म्हणून रुसलंय हे."

"आकाराममामा, गार हवा पुढून आत जाते. हार घातला तर श्वास कोंडेल त्याचा."

"मग मागनं घालतो की!"

"मागून?"

"देवाला पुढं काय आन् मागं काय!"

या माणसाशी वाद घालून कोण जिंकलंय? आठही कपाटांच्या मागच्या दारांना हार चढले, बाहेर नारळ फुटला आणि गणित पुन्हा सुरू झालं.

दसऱ्याच्या सकाळी घरची पूजा सासूबाईंवर सोपवून संयोगिता धावत आली. आठव्या कपाटाचा पारा चढतच होता. ती मागच्या बाजूला गेली. यंत्रांनी बाहेर टाकलेली गरम हवा तिथं यायची, त्यामुळं फुलांचा पार पापड झालेला. पहिला हार सुकलेला, दुसरा सुकलेला, तिसरा, चौथा तसेच. आणि पाचवा? आत्ताच बाजारातून आणल्यासारखा टवटवीत!

"मामा, याला पाणी मारलंत का?"

"न्हाय बा. सगळे एकाच टोपलीतले हायती."

तिनं हाराखाली हात धरला. हवा गारेगार. इथं गरम हवा यायला पाहिजे. गार येतेय म्हणजे ती काहीच काम न करता आरपार निघून चाललीय! ती पळत पुढं आली आणि पाचव्याचं जाळीचं दार उघडलं. उन्हाळ्यात दुरुस्तीला काढलेल्या यंत्रांची जागा आत तशीच आ वासून होती. तापमान मोजायची सोय प्रत्येक यंत्राच्या पोटात. जिथं यंत्रच नाही, तिथून तक्रार करणार कोण? तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"अहो मामा, इतके दिवस आपण वीज या भोकाला पाजतोय! आणि शेवटचं आठवं बिचारं गार हवेवाचून उपाशी!"

अशी रिकामी जागा बंद करायची लोखंडी झाकणं सणाची सुट्टी संपल्यावर मिळणार. आकाराम गाडीकडं पळाला आणि नव्या चपलांचं खोकं घेऊन आला. चपला काखेत, खोकं तिच्या हातात.

"दसऱ्याची खरेदी हाय, कोरं खोकं. चाललं न्हवं?"

"झाकणं येईपर्यंत पळेल!"

खोकं उलगडून तिनं ते भोक चिकटपट्टीनं गच्च बंद केलं. मग दोघं चहा घेत बसले, फुलं सुकायची वाट बघत. दुपारपर्यंत आठव्याचा पारा उतरला. तिनं एसी थोडा कमी केला, मग आणखी थोडा. तेवढ्यात मागनं आरोळी आली.

"मॅडम, सुकला! सुकला की ओ!"

फुलं सुकली म्हणून नाचणारी माणसं तुम्ही कधी बघितलीत? त्या दिवशी कोल्हापुरात दोन होती.

वरिष्ठ आले तेव्हा गणित न अडखळता पुरं झालेलं, विजेचा आकडा चांगलाच खाली आलेला. त्यांनी सगळे कागद पुन्हा पुन्हा बघितले, मागं जाऊन हारांकडं नाक मुरडलं.

"हा कचरा काढून टाका."

"काढते, सर. पण पाचवा राहू दे," संयोगिता म्हणाली, आणि का ते सगळं सांगितलं, चपलांच्या खोक्यासकट.

वरिष्ठ पोट धरून हसले. "मशीन तुमच्याकडंच राहू दे," डोळे पुसत ते म्हणाले. "आमच्याकडं त्याला हार कोण घालणार?"

संयोगिताला एकदम भरून आलं. आकारामनं कानटोपी काढून हवेत भिरकावली आणि खोली दणाणून सोडली, "जोतिबाच्या नावानं!"

"चांगभलं!" एरवी कधी आवाज न चढवणारी संयोगिता ओरडली, ते थेट रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.