खर्जानंतरचा श्वास

मार्गशीर्षातली सायंकाळ कोल्हापुरावर उतरते ती गुळाच्या वासाने उतरते. पंचगंगेपल्याडच्या गुऱ्हाळांचा धूर, धूसर आणि मधुर, धुक्याच्या खांद्यावर हात टाकून शहरात शिरतो, पेठांपेठांतून हिंडतो, कौलांवर रेंगाळतो आणि दिवेलागणीला आगंतुक पाहुण्यासारखा कुणाच्याही दारात बसून राहतो. त्या धुरात दिवे विरघळतात. त्या धुरात स्वर लांबतात. त्या धुरात गेलेली माणसं परत आल्याचा भास होतो, आणि कोल्हापूरकर त्या भासालाही ‘आलायसा तर जेवून जावा’ म्हणतात.

अशाच एका धूम्रगंधी, मंदप्रकाशी सांजवेळी एका जुन्या तालमीच्या पटांगणात शहराचा कलामेळा भरला होता. तालमीची पाठभिंत ताज्या चुन्याने न्हाऊन शुभ्रवसना उभी होती; आज तिच्यावर चित्रं चालणार होती, गाणार होती. एका कोपऱ्यात हलगी कडाडत होती, आणि तिच्या शेजारी एक गिटार नव्या सुनेसारखी हळू आवाजात आपलं म्हणणं मांडत होती. चित्रकार माणसांना समोर बसवून त्यांची नाकं लांब करत होते, आणि माणसं ती लांब नाकं मोठ्या आनंदाने घरी नेत होती.

शेवटच्या रांगेत, चित्रं फेकणाऱ्या यंत्राच्या अगदी पुढ्यात, विश्वंभर तारळेकर बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. टपालखात्यात उभा जन्म दुसऱ्यांची पत्रं ज्याच्या त्याच्या दारी पोचवण्यात गेला. एक पाकीट कधी हरवलं नाही. आता मात्र त्यांचं स्वतःचं काहीतरी हरवलं होतं, आणि त्याच्यावर पत्ता नव्हता.

हरवला होता एक हात. कमलिनीचा हात.

कमलिनी त्यांची पत्नी. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. गोविंदबुवा हेर्लेकरांच्या मागे ती एकतीस वर्षं तंबोरा घेऊन बसली. बुवा गात, आणि सभा बुवांकडे बघे. तंबोऱ्याकडे कोण बघतं? चांदणी लुकलुकत असताना तिच्यामागच्या काळोखाकडे कोण बघतं? विश्वंभर बघत. तिसऱ्या रांगेत बसून, बुवांच्या भव्य, भगव्या गंधाच्या, घामेजल्या कपाळापलीकडे, ते त्या कृश हाताकडे बघत. आणि तो हात आपल्याच घरी परत येणार आहे याचा त्यांना दर वेळी नव्याने अचंबा वाटे.

तिची एक खोड होती. चौथी तार, खर्जाची, छेडली की ती एक श्वासभर थांबे, आणि मगच पहिल्या तारेवर परत येई. एवढीशी फट. बुवा भर मैफलीत मान वळवून विचारत, “कमलिनीबाई, खर्ज चहाला गेला काय?” सभा हसे. कमलिनी हसत नसे. पुढच्या फेरीला ती पुन्हा तेवढीच थांबे.

ती गेली, आणि तंबोरा गवसणी पांघरून कोपऱ्यात उभा राहिला. पण संध्याकाळी गल्लीतून दूधवाल्याची फटफटी गेली की गवसणीच्या आत एखादी तार आपसूक कण्हे. विश्वंभर स्वयंपाकघरातून म्हणत, “आलो, आलो.” बाहेर येऊन बघत, तर कोपरा, गवसणी आणि अंधार. तार का वाजली याचं कारण त्यांना ठाऊक होतं. कारण ठाऊक असलं म्हणून भूत घर सोडत नाही.

*

महिन्याभरापूर्वी ते केतकी पोवारकडे गेले होते. पिठाच्या गिरणीच्या माडीवर केतकी आणि तिचे सोबती संगणकावर चित्रं काढत. सेकंदाला बारा चित्रं. बारा चित्रांत एक पापणी मिटायची, बारांत एक उघडायची. खाली ज्वारी दळली जाई आणि वर काळ. गोविंदबुवांवर सात मिनिटांचा चित्रपट करायचा घाट तिने घातला होता. बुवांच्या एका जुन्या मैफलीची व्हिडिओ कॅसेट समोर लावायची आणि तिच्यावरून एकेक चित्र गिरवायचं, अशी तिची रीत. ती कॅसेट विश्वंभरांनीच दिली होती.

कॅसेटमध्ये कमलिनी नव्हती. कॅमेरावाल्याने बुवांना दाखवलं, तबलजीला दाखवलं, हार घालणाऱ्या अध्यक्षांना तीनदा दाखवलं, छताच्या पंख्यालाही न्याय दिला. तंबोरा तेवढा चौकटीबाहेर राहिला. नाद होता, नाद करणारी नव्हती.

“मग आजींना मी काढते की,” केतकी सहज म्हणाली होती. “बुवांच्या मागं. फकस्त त्यांचा हात कसा हलायचा तेवढं दाखवा, आजोबा.”

विश्वंभरांनी हात उचलला. आणि तो हवेतच राहिला.

मधलं बोट आधी, की तर्जनी? मनगट वळे, की स्थिर असे? चाळीस वर्षांचा संसार, हजार मैफली, आणि हात रिकामा. खाली गिरणी थांबली. त्या अकस्मात, पिठूळ शांततेत त्यांनी आपल्या बोटांकडे परक्या माणसाच्या बोटांकडे बघावं तसं पाहिलं.

“राहू दे, बाळ,” ते म्हणाले. “उगाच गर्दी होईल चित्रात.”

त्या दिवसापासून ते रोज तिन्हीसांजेला तंबोऱ्यासमोर बसत. हात उचलत. बोटं हलवत. ही नव्हे. अशी नव्हे. कमलिनीचा चेहरा भिंतीवर चंदनाचा हार घालून बसला होता. तो कुठे जातो? पण हात निघून गेला होता. आणि जो हात आठवत नाही तोच घरभर वावरतो: कडी वाजवतो, पडदा हलवतो, निजलेल्या माणसाच्या कपाळाशी येतो आणि न टेकताच परततो.

*

प्रमुख पाहुणे ‘थोडक्यात बोलतो’ म्हणाले आणि दिलेला शब्द त्यांनी पाऊण तास मोडला. मग दिवे मालवले. हलगी थांबली. गिटार थांबली. धुरातून एक निळाभोर झोत निघाला आणि भिंत उजळली.

बुवा आले. रेषांचे बुवा, रंगांचे बुवा, बारा चित्रांत एक श्वास घेणारे बुवा. त्यांनी आलाप घेतला आणि भिंतीवर ऊस वाढला. त्यांनी बोल घेतले आणि उसाला रुपेरी तुरे आले. त्यांनी तान घेतली आणि ते तुरे पाखरं होऊन, शुभ्र, शतसंख्य, तालमीच्या कौलांवरून उडून गेले. पुढच्या रांगेतले पैलवान मान वर करून ती पाखरं खरोखर कुठे गेली ते बघत होते.

आणि सगळ्याच्या मागे तंबोरा. कुणाच्याही मांडीवर नसलेला, कुणाच्याही हाती नसलेला, धुराच्या पोटातून उमटणारा तो अनाथ, अखंड झंकार. विश्वंभरांनी डोळे मिटून घेतले. मग, काही चुकायला नको म्हणून, उघडले.

बुवांच्या पांढऱ्या उपरण्यावर, डाव्या खांद्यापाशी, काहीतरी हललं.

एक डाग. धुरकट, राखाडी, चिमणीएवढा. तो थरथरला एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. मग थांबला. एक श्वासभर थांबला. मग पुन्हा थरथरला.

विश्वंभरांच्या छातीत काहीतरी दारं उघडत, एकामागून एक, आत धावत गेलं.

कॅसेटमधल्या त्या मैफलीत मंडपाच्या डाव्या कोपऱ्यात, मागे, एक प्रखर दिवा होता. कमलिनी त्याच्या वाटेत बसली होती. कॅमेऱ्याने तिला गाळलं, पण दिव्याने गाळलं नव्हतं. दिव्याने तिच्या हाताची सावली उचलून बुवांच्या खांद्यावर ठेवली होती. घरच्या जुनाट टीव्हीवर, मुंग्यांच्या त्या वारुळात, ही एक मुंगी त्यांना कधी दिसलीच नव्हती.

आता ती भिंतीवर चिमणीएवढी झाली होती. मधलं बोट आधी. मग तर्जनी, पुन्हा तर्जनी, मग तर्जनीच, जरा खोल. आणि करंगळी सगळ्यांपासून अलिप्त, रुसलेल्या नणंदेसारखी. हो. अशीच. अशीच होती.

टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. “परत लावा,” पैलवानांनी फर्मावलं. केतकी यंत्रापाशी आली आणि विश्वंभरांजवळ वाकली.

“आवडलं काय, आजोबा?”

“उपरण्यावर काय हलत होतं गं?”

केतकीने जीभ चावली. “दिसलं व्हय तुम्हाला? आमची पोरं म्हणत होती, टेपवरचा डाग आहे, पुसून टाकूया. पण डाग असा तालात कुठं येतोय? चार ठोके आणि एक थांबा. मला काय उमगंना. म्हटलं, दिसतंय तसं काढावं. पाच हजार चित्रं, दर चित्रात गिरवलाय. पुढच्या खेपेला पुसते.”

“पुसू नको,” विश्वंभर म्हणाले. त्यांचा आवाज पत्र वाटतानाचा होता, सपाट, नेमका. “डाग नव्हे गं तो. आमचं कुटुंब आहे.”

जी बाई केतकीने कधी पाहिली नव्हती, तिचा हात तिने पाच हजार वेळा काढला होता. तिने आपल्या बोटांकडे पाहिलं. मग हळूच कळ दाबली.

निळा झोत पुन्हा निघाला. पुन्हा आलाप, पुन्हा ऊस, पुन्हा पाखरं. आणि विश्वंभरांनी आपला हात उचलला, थेट झोतात. भिंतीवर, बुवांच्या शेजारी, एक प्रचंड, सुरकुतलेली सावली उभी राहिली.

“ओ आजोबा, हात खाली घ्या की. बुवा दिसंनात,” पुढून कुणीतरी ओरडलं.

“असू दे,” केतकी मागून म्हणाली. “ते चित्रातलंच हाय.”

धूर दाटत होता. गुळाचा वास दाटत होता. चुन्याच्या त्या शुभ्र, विस्तीर्ण अंगावर एक लहान सावली आणि एक थोर सावली, एक तेव्हाची आणि एक आत्ताची, एकाच अदृश्य तंबोऱ्यावर वाकल्या. मधलं बोट. तर्जनी. तर्जनी. खर्ज.

आणि दोन्ही सावल्या थांबल्या, एक श्वासभर.